पहिला जुना चाकू कोणता घ्यावा : ओपिनेल, हिगोनोकामी की पाठीत स्प्रिंग असलेला?

खिशात मावणाऱ्या, मिटवता येणाऱ्या जुन्या चाकूंचा संग्रह कमी खर्चात सुरू करता येतो. मात्र जो चाकू आपण स्वतः दुरुस्त करणार आहोत, तो निवडताना पोलादाआधी सांधा पाहावा, असे माझे ठाम मत आहे. पात्यावरचा गंज काढता येतो आणि गेलेली धार परत आणता येते. पण पाते आणि मूठ जोडणारा सांधा घरच्या हत्यारांनी नीट होईल की नाही, यावरच चाकूचे पुढचे आयुष्य ठरते.

या कसोटीवर फ्रान्सचा ओपिनेल नवशिक्यासाठी सर्वांत सोयीचा आहे. जोझेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये सॅव्हॉय या डोंगराळ प्रांतात तो घडवला, आणि साडेआठ सेंटिमीटर पात्याचा ८ क्रमांकाचा चाकू आजही सहज मिळतो. पाते, बीच लाकडाची मूठ, धातूची पट्टी, खिळा आणि १९५५ मध्ये आलेली, पाते जागच्या जागी अडकवणारी फिरती कडी, एवढेच त्याचे भाग आहेत. सर्क्लिप (खाचेत बसणारी उघडी कडी) काढण्याच्या पकडीने कडी सोडवली आणि खिळा ठोकून बाहेर काढला, की चाकू सुटा होतो. मूठ फुटली असेल तर सागवानाची नवी घडवण्याचा सरावही होतो. त्याचा मोठा दोष म्हणजे लाकूड ओलाव्याने फुगते आणि पाते खाचेत घट्ट अडकते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हे हटकून घडते. मूठ सावलीत पूर्ण वाळू द्यावी, खाचेच्या आतल्या बाजू पॉलिश पेपरने किंचित घासाव्यात आणि जवसाचे तेल मुरवावे. तेल पुसलेल्या चिंध्या चुरगाळून ठेवू नयेत, कारण वाळताना तापून त्या आपोआप पेट घेऊ शकतात.

जपानच्या ह्योगो प्रांतातील मिकी शहराचा हिगोनोकामी याहूनही साधा आहे. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक खिळा आणि पात्याच्या बुडाशी अंगठ्याने दाबायची पट्टी, बस्स. स्प्रिंग नाही आणि कुलूपही नाही, म्हणून वापरताना अंगठा पट्टीवरून ढळू देता कामा नये. सांधा सैल झाला तर खिळ्याचे एक डोके ऐरणीवर टेकवून दुसऱ्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत. एके काळी जपानी शाळकरी मुले याच चाकूने पेन्सिलींना टोक काढत. १९६० नंतर मुलांच्या हाती चाकू नकोत अशी मोहीम झाली आणि तो मागे पडला. धार लावायला शिकण्यासाठी तो उत्तम आहे, पण दुरुस्तीची हौस असणाऱ्याला त्यात करण्यासारखे फारसे उरत नाही.

इंग्लंडमधील शेफील्ड, जर्मनीतील झोलिंगेन किंवा अमेरिकेत बनलेल्या, पाठीत स्प्रिंग असलेल्या चाकूंची, म्हणजे मुठीच्या पाठीतील पट्टीसारखी स्प्रिंग ज्यांचे पाते दाबून धरते त्यांची, गोष्ट वेगळी आहे. हाड, शिंग किंवा सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या मुठी, आत पितळी पट्ट्या, एकाच चाकूत दोन-तीन पाती. संग्राहकाला वेड लावील असे वैविध्य इथेच आहे. पात्याच्या बुडावरच्या कंपनीच्या ठशावरून काळही ओळखता येतो. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या ‘केस’ (Case) या चाकू बनवणाऱ्या कंपनीने १९७० मध्ये ठशाखाली दहा ठिपके दिले आणि पुढे दरवर्षी एकेक कमी केला. पण अडचण सांध्यातच आहे. खिळ्यांची डोकी ठोकून, घासून कडांशी सपाट केलेली असतात. ती काढताना जुने हाड तडकते, आणि स्प्रिंग मोडली असेल तर तशीच नवी घडवणे हे कारागिराचे काम आहे. त्यामुळे घेतानाच पाते उघडताना आणि मिटताना खटकन आवाज येतो का, आडवे हलवल्यावर ते डुगडुगते का, आणि वारंवार धार लावून ते मूळ आकारापेक्षा अरुंद झाले आहे का, हे तपासावे. सेल्युलॉइड जुने झाल्यावर विटते आणि त्यातून निघणारी वाफ शेजारच्या चाकूंनाही गंज चढवते. असा चाकू बंद डबीत इतरांसोबत कधीही ठेवू नये.

स्वच्छतेची रीत तिन्हींना सारखीच आहे. शिवणयंत्राचे तेल आणि अतिबारीक पोलादी लोकर यांनी तांबडा गंज हळूहळू काढावा, पण करडी-निळसर छटा तशीच राहू द्यावी, कारण ती गंज नसून वापराची खूण आहे आणि पात्याला थोडे संरक्षणही देते. यंत्रावर पॉलिश करण्याचा मोह मात्र पूर्ण टाळावा : ठसा पुसला जातो, कडा गोल होतात, आणि पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरते. अशा चकचकीत चाकूला जाणकार संग्राहक कमीच किंमत देतो.

चाकू घरी जपणे आणि खिशात घेऊन फिरणे यांत कायद्याच्या दृष्टीने फरक आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना चाकू बाळगण्यावर बंदी येऊ शकते, म्हणून बाहेर नेण्यापूर्वी आपल्या भागातील आदेश पाहावेत.

हाताने काम शिकायचे असेल, तर कार्बन पोलादाचा, म्हणजे स्टेनलेस नसलेला, जुना ओपिनेल घ्यावा. इतिहासाची आणि कारागिरीची ओढ असेल, तर तिसऱ्या प्रकाराकडे वळावे. पण तिथे स्प्रिंग सशक्त आणि सांधा घट्ट असलेला चाकूच घ्यावा, मग पाते कितीही काळवंडलेले असले तरी चालेल.