पाथर्डी फाट्याजवळचा पेट्रोल पंप: वरचे चोख, खालचे अर्धवट

मोफत हवा, स्वच्छतागृह आणि यूपीआयची सोय या नेहमीच्या निकषांवर नाशिकमधला, मुंबई-आग्रा महामार्गावरचा हा पंप सहज उत्तीर्ण होतो. त्यावर इतरांनी भरपूर लिहिले आहे, म्हणून मी जमिनीखालच्या टाक्यांबद्दल लिहितो. नोझलमधून आपल्या गाडीत येणारे इंधन आधी त्या टाकीत पडून असते, आणि पंपाचा कारभार कसा आहे ते तिथे कळते.

मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून आलेला टँकर इथे खाली होताना मला नीट पाहायला मिळाला. गाडी लावल्यावर इंधन स्थिर होईपर्यंत वाट पाहिली गेली, अर्थिंगची तार चिमट्याने जोडली गेली, वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक नळकांडी जवळ आणून ठेवली गेली आणि त्यानंतरच नमुना काढून हायड्रोमीटरने घनता मोजली गेली. तापमानाचा हिशेब करून ती 15 अंश सेल्सिअसवर आणतात आणि टँकरसोबत आलेल्या चलनावरच्या आकड्याशी ताडून पाहतात. घनमीटरमागे 3 किलोपर्यंतचा फरक चालतो. हे सगळे घाईगर्दी न करता झाले. एकच गोष्ट खटकली: टँकरपासून चार पावलांवर एक ग्राहक मोबाईलवर बोलत होता आणि त्याला कोणीही हटकले नाही.

पावसाळ्यात सगळ्यात महत्त्वाची असते ती पाण्याची तपासणी. मी विनंती केल्यावर मॅनेजरने कुरकुर न करता टाकीतली पातळी मोजण्याची डिपची काठी आणली, तिच्या खालच्या टोकाला पाणी ओळखण्याची पेस्ट लावली आणि काठी टाकीच्या तळापर्यंत सोडून काही क्षण तशीच धरली. वर काढल्यावर पेस्टचा रंग बदललेला नव्हता, म्हणजे तळाशी पाणी नव्हते. "साहेब, पावसात हे रोज सकाळी केल्याशिवाय आम्ही विक्री सुरूच करत नाही," असे तो म्हणाला, आणि नोंदवहीतही तशा नोंदी होत्या. साध्या पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही, ते तळाशी बसते आणि काढून टाकता येते. 20 टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचे तसे नाही. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी मिळून वेगळा थर तळाशी साचतो. असे इंधन गाडीत गेले की ती जागेवर बंद पडते, म्हणून पेस्टसुद्धा इथेनॉलमिश्रित इंधनाला चालणारीच लागते.

या पार्श्वभूमीवर एका टाकीच्या चेंबरची, म्हणजे भरणीच्या तोंडाभोवतीच्या झाकणबंद खड्ड्याची, अवस्था अजिबात पटली नाही. झाकणाचे रबरी गॅस्केट एका बाजूने फाटलेले होते आणि आत बोटभर पावसाचे पाणी साचून त्यावर तेलाचा तवंग आला होता. भरणीच्या तोंडाचे टोपण घट्ट होते, त्यामुळे टाकीत पाणी उतरले नव्हते. पण दोन-तीनशे रुपयांच्या रबराअभावी सगळा भरवसा त्या एका टोपणावर टाकायचा, ही सुरक्षितता नव्हे.

त्याहून मोठी त्रुटी टाक्यांच्या गळती-चाचणीची आहे, आणि ती एकट्या या पंपाची नाही. साठवणुकीचा परवाना नागपूरला मुख्यालय असलेली पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना) ही केंद्रीय संस्था 2002 च्या पेट्रोलियम नियमांखाली देते आणि त्याची प्रत ऑफिसात होती. नोझलच्या मापावर वैधमापन खात्याचा यंदाचा शिक्का होता. 5 लिटरच्या मापात 25 मिलिलिटरपेक्षा जास्त कमी-जास्त चालत नाही आणि ते माप मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. टाक्यांच्या मापाचीही दर 5 वर्षांनी पडताळणी होते. मात्र त्या पडताळणीतून टाकीत किती मावते ते कळते, ती गळते का ते कळत नाही. टाकीची शेवटची गळती-चाचणी कधी झाली, हे विचारल्यावर मॅनेजरने कंपनीकडे बोट दाखवले. टाकी किती वर्षांची आहे, हेही त्याला सांगता आले नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 मध्ये नव्या पंपांसाठी शाळा, दवाखाने आणि वस्तीपासूनच्या अंतराची अट घातली, ते चांगलेच झाले. जुन्या पंपांच्या जमिनीखालच्या लोखंडी टाक्यांचे काय, हा प्रश्न मात्र उरतोच. रोज 10 लिटरची तूट डिपच्या हिशेबात बाष्पीभवन म्हणून सहज खपून जाते, पण महिन्याकाठी ती 300 लिटर होते. आपल्याकडे बसाल्टच्या भेगांतूनच विहिरींना पाणी येते. त्याच भेगांतून पेट्रोलही जाते, आणि विहिरीच्या पाण्याला वास येईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. पेसो, वैधमापन, पुरवठा विभाग आणि त्र्यंबक रोडच्या उद्योग भवनातले राज्याचे प्रदूषण मंडळ, प्रत्येकाची तपासणी वेगळी आणि कागदही वेगळे. अशा परिस्थितीत गळती-चाचणीची तारीख दर्शनी फलकावर लिहिण्याची सक्ती व्हायला हवी, कारण ग्राहकाला एका नजरेत कळेल असा दुसरा उपाय मला तरी दिसत नाही.

इंधनाचा दर्जा, माप आणि कर्मचाऱ्यांची वागणूक यांवर या पंपाला पाचपैकी साडेतीन तारे देतो आणि इथे पेट्रोल भरायला हरकत नाही, असेही सांगतो. टँकर खाली होत असेल तेव्हा मात्र रांगेत उभे राहू नका. तळाचा गाळ ढवळलेला असतो, तासाभराने या.