फायबर बंद, घर चालू: टीपी-लिंक ईआर६०५ आणि सिमचं नेट

टीपी-लिंकचा ईआर६०५ म्हणजे धातूच्या खोक्यातला, पंखा नसलेला, पाच गिगाबिट पोर्टांचा राउटर. वायफाय त्यात नाही. मुख्य फायबर बंद पडताच घरातलं सगळं आपोआप दुसऱ्या लाइनवर जावं एवढीच गरज असेल, तर तो नि:शंक घ्यावा. मात्र वायरी जोडून तसाच सोडून दिला तर ऐन वेळी दगा देईल. खरी मेख सेटिंगमध्ये आहे, आणि त्याहून आधी दुसरी लाइन कुठली निवडता यात.

वायफाय नसल्याने अडत नाही. घरातला आधीचा वायफाय राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (म्हणजे फक्त वायफाय पुरवण्याच्या कामाला) टाकून ईआर६०५ च्या लॅन, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या, पोर्टला जोडायचा. वायफायचं नाव आणि पासवर्ड तेच ठेवले की फोन, टीव्ही, कॅमेरे यांना हात लावावा लागत नाही. मोड न बदलता जोडलात तर दोनदा नॅट (पत्त्यांची अदलाबदल) होतं, म्हणजे घरात एकाच्या आत दुसरं वेगळं नेटवर्क बनतं, आणि ईआर६०५ ला वायरने जोडलेला प्रिंटर वायफायवरच्या लॅपटॉपला आपोआप सापडत नाही.

आता दुसरी लाइन. दोन वेगळ्या कंपन्यांचं फायबर एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून घरात येत असेल, तर खोदकामात दोन्ही एकदमच तुटतात. म्हणून बॅकअप सिमचा ठेवावा, आणि फायबर ज्या कंपनीचं आहे तिचंच सिम शक्यतो टाळावं. कंपनीच्या मुख्य यंत्रणेत बिघाड झाला तर तिचं फायबर आणि तिचा टॉवर दोन्ही आंधळे होतात. उपग्रहाचं नेट हा खरोखर वेगळा मार्ग आहे, पण डिश वीज बरीच खाते आणि तिला मोकळं आकाश लागतं. रेंज बरी असलेल्या घराला त्याची गरज नाही. फोनचा हॉटस्पॉट एका लॅपटॉपपुरता ठीक, पण फोनचा मालक बाहेर पडला की घराचा बॅकअपही त्याच्याबरोबर जातो.

ईआर६०५ च्या दुसऱ्या आवृत्तीला यूएसबी पोर्ट आहे आणि त्यात सिमचं डोंगल लावता येतं. पहिल्या आवृत्तीला तो नाही. तरीही डोंगलच्या भरवशावर हा राउटर घेऊ नका. कंपनीच्या यादीतली ठरावीक डोंगलंच चालतात, शिवाय राउटर ज्या कोपऱ्यात आहे तिथेच डोंगल अडकून पडतं आणि रेंज नेमकी तिथेच कमी असते. लॅन पोर्ट असलेला ४जी किंवा ५जी मोडेम घ्या, तो खिडकीपाशी ठेवा आणि राउटरपर्यंत नेटवर्क केबल ओढा. ही केबल १०० मीटरपर्यंत बिनधास्त चालते. अँटेनाची वायर लांबवली तर तेवढाच सिग्नल वाटेत झिजतो, म्हणून अँटेना नव्हे, मोडेमच हलवायचा.

जागा ठरवताना मोडेमवरच्या रेंजच्या दांड्या बघू नका. मोडेमच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ) असे दोन आकडे असतात. आरएसआरपी उणे ९० च्या आसपास किंवा त्याहून बरा असेल तर उत्तम. उणे ११० च्या खाली गेला तर कॉल अडखळणारच. एसआयएनआर १० च्या वर हवा. पुष्कळदा दांड्या भरलेल्या दिसतात, एसआयएनआर मात्र २-३ असतो आणि वेग रडत असतो. अशा वेळी मोडेम दुसऱ्या भिंतीच्या खिडकीत नेऊन पुन्हा बघायचं.

जोडणी सुरू करण्याआधी पत्त्यांची टक्कर मिटवा. ईआर६०५ चा मूळ पत्ता १९२.१६८.०.१ आहे, आणि कित्येक मोडेमचाही तोच असतो. राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.५०.१ असा काहीतरी वेगळा करा. मग वॅन मोडमध्ये दुसरा पोर्ट वॅन, म्हणजे बाहेरच्या लाइनीचा, म्हणून निवडा, पहिल्यात फायबर लावा आणि दुसऱ्यात मोडेम. फायबरला पीपीपीओई (लॉगिन करून जोडणी) असेल तर युजरनेम-पासवर्ड आधी लिहून ठेवा; जुना राउटर रीसेट केल्यावर ते आठवत बसण्यात वेळ जातो.

यानंतर राउटरच्या मेनूत ट्रान्समिशन, त्यात लोड बॅलन्सिंग. इथे मोह होतो की दोन लाइनी आहेत तर दोन्ही एकदम वापराव्यात. बॅकअपसाठी तसं करू नका. ट्रॅफिक दोन्हीकडे वाटला गेला की बँकेच्या साइटला एकाच माणसाचे दोन पत्ते दिसतात आणि ती लॉगआउट करते. सिमचा डेटाही उगाच संपतो. लिंक बॅकअपच्या टॅबमध्ये फायबर प्रायमरी, मोडेम बॅकअप आणि मोड फेलओव्हर (मुख्य लाइन पडली की दुसरी), एवढं ठेवा.

त्याच पानावरचा ऑनलाइन डिटेक्शन हा टॅब म्हणजे या राउटरचा जीव. नेट जातं तेव्हा बहुतेकदा ओएनटी, म्हणजे फायबर ज्यात येतं तो कंपनीचा डबा, चालूच असतो. बाहेर फायबर तुटतं, ओएनटीवर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागतो, पण ओएनटी आणि राउटरमधला पोर्ट हिरवाच राहतो. राउटरने फक्त पोर्ट बघितला तर त्याच्या लेखी सगळं आलबेल. कधी तर लाल दिवाही लागत नाही, कारण बिघाड कंपनीच्या पुढच्या यंत्रणेत असतो. ऑटो मोडमध्ये राउटर त्या लाइनच्या डीएनएस सर्व्हरला (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या) विचारून बघतो. तो सर्व्हर कंपनीच्या आतच असतो, त्यामुळे कंपनीबाहेरचा रस्ता बंद असला तरी उत्तर येत राहतं. मॅन्युअल निवडा आणि पिंगसाठी (हाक मारून उत्तर येतं का बघण्यासाठी) १.१.१.१, डीएनएससाठी ८.८.८.८ द्या. गेटवेचा, म्हणजे राउटरनंतरच्या पहिल्या टप्प्याचा, पत्ता तिथे मुळीच टाकू नका. तो जवळचाच असतो आणि पलीकडचं जग बुडालं तरी उत्तर देतो. ऑलवेज ऑनलाइन हा पर्याय मुख्य लाइनला चुकूनही लावू नका, त्याने तपासणीच बंद होते.

एवढं करूनही लाइन बदलल्यावर साइट उघडत नाही, अशी तक्रार येते. दोष बहुधा डीएनएसचा असतो. घरातल्या उपकरणांना कधी फायबर कंपनीचा डीएनएस मिळालेला असतो आणि बाहेरच्या नेटवर्कवरून आलेल्या प्रश्नांना पुष्कळ कंपन्यांचे सर्व्हर उत्तरच देत नाहीत. सिमवरून विचारलं की गप्प. डीएचसीपीमध्ये (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये) सार्वजनिक डीएनएस दिला की हे थांबतं. दुसरा संशयित आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते. फायबरवरून मिळालेले पत्ते उपकरणं लगेच सोडत नाहीत आणि पानं अर्धवट लटकतात. बॅकअपवर भिस्त असेल तर लॅनवर आयपीव्ही६ बंद ठेवणं बरं.

लाइन बदलताना काय तुटतं हेही माहीत असावं. बाहेरचा पत्ता बदलतो, म्हणून चालू असलेली प्रत्येक जोडणी तुटते. व्हिडिओ कॉल काही सेकंद गोठतो आणि पुन्हा जोडला जातो, ऑफिसचं व्हीपीएन परत लावावं लागतं. बाहेरून घरातला कॅमेरा बघण्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी ठरावीक उपकरणाकडे वळवणं) केलं असेल तर सिमवर ते चालणार नाही. मोबाइल कंपन्या एकच पत्ता अनेकांना वाटतात, मोडेमला १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर हाच प्रकार. त्यावर उपाय म्हणजे घरातून बाहेर जोडणी करणारं व्हीपीएन, जसं वायरगार्ड किंवा टेलस्केल.

सिमचा डेटा वाटतो त्यापेक्षा लवकर संपतो. येता-जाता मिळून ३ एमबीपीएसचा व्हिडिओ कॉल तासाला सुमारे १.३५ जीबी खातो. पण कॉलपेक्षा लॅपटॉपचे अपडेट आणि फोनचा फोटो बॅकअप जास्त घातक, कारण ते कोणाला न विचारता सुरू होतात. बँडविड्थ कंट्रोलमध्ये बॅकअप वॅनवर टीव्हीला मर्यादा घाला. तपासणीचा स्वतःचा खर्च किरकोळ: दर ५ सेकंदांना एक पिंग धरला तरी दिवसाला ३ एमबीच्या आत.

वीज गेली तर हे सगळं एका झटक्यात बंद. ओएनटी, ईआर६०५, ॲक्सेस पॉइंट आणि मोडेम मिळून २५ ते ३० वॅट धरा. ८८०० एमएएच लिहिलेला छोटा डीसी यूपीएस म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशोबाने साधारण ३२ वॅट-तास, तेव्हा वाया जाणारी वीज वजा करता जेमतेम तासभर. अडॅप्टरचे व्होल्ट चारही उपकरणांवर वेगवेगळे वाचा. पिन बसते म्हणून १२ व्होल्ट लावले आणि उपकरण ९ व्होल्टचं निघालं, तर ते जळू शकतं.

चाचणी राउटरची वायर उपटून करू नका. त्याने पोर्ट बंद होतो आणि सोपा बिघाडच तपासला जातो. ओएनटीमधला फायबरचा हिरवा कनेक्टर हलक्या हाताने ओढा, त्यावर टोपी लावा, टोकाला बोट लावू नका आणि त्यात डोळा घालून बघू नका. मग चालू व्हिडिओ कॉल किती सेकंदांत परत येतो ते मोजा. परत घालताना क्लिक होईपर्यंत दाबा आणि पाच-दहा मिनिटांनी मोडेमच्या पानावर डेटाचा आकडा बघा. तो भराभर वाढतच असेल तर घर अजून सिमवरच आहे. हे महिन्यातून एकदा करा, म्हणजे सिमचं रिचार्ज संपलेलं असेल तर तेही त्याच दिवशी कळेल.