कांदे, खारी मासळी आणि अक्षरओळख : दाव्होस सीवर्थसाठी वाचलेली पुस्तकं आणि पाहिलेली मालिका

'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पाच पुस्तकांत मिळून दाव्होस सीवर्थ या पात्राच्या नावाची प्रकरणं फक्त तेरा आहेत. दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात सहा, पाचव्यात चार. ती तेरा प्रकरणं मी तीन वेळा वाचली आहेत आणि त्याच्याचसाठी ७३ भागांची मालिकाही शेवटपर्यंत पाहिली. तेव्हा 'गेम ऑफ थ्रोन्स'चं हे परीक्षण त्याच्या बाजूनं लिहिलेलं आहे, हे आधीच सांगते. ज्यांनी काहीच वाचलं-पाहिलं नसेल त्यांनी इथं थांबावं, कारण पुढं कोण मरतं, कोण वाचतं हे सगळं येणार आहे.

मी दापोली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि लेक पुण्याहून घरी आली, तिच्या सामानात या पुस्तकांची पेटी होती. पेटीत खंड सात, पण पुस्तकं पाचच. तिसरं आणि पाचवं इतकी जाडजूड आहेत की दोन-दोन भागांत बांधलेली आहेत. पेटी घेणाऱ्यानं हे माहीत करून घ्यावं. आणखी एक, या पेटीतला टाइप फार बारीक आहे. पन्नाशी उलटलेल्या डोळ्यांना संध्याकाळनंतर तो झेपत नाही. मी दुपारी पडवीत बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन, रोज दहा-बारा पानं अशी वाचली. सगळं संपायला चौदा महिने लागले. पहिला खंड सुटा, मोठ्या टाइपाचा मिळाला तर तो घ्या आणि मग ठरवा.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं पहिलं पुस्तक १९९६चं, पाचवं २०११चं. त्याच २०११च्या एप्रिलमध्ये एचबीओवर मालिका सुरू झाली आणि मे २०१९मध्ये संपली. सहावं पुस्तक अजून आलेलं नाही. म्हणजे मालिकेचा शेवट झाला, पुस्तकाचा राहिला. या दोन्हींची तुलना करताना हे विसरून चालत नाही.

पुस्तकांची रचना मला फार आवडली. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एका माणसाचं नाव असतं, आणि त्या प्रकरणापुरतं जग त्याच्याच डोळ्यांनी दिसतं. राजघराण्यातली, सरदारांची, किल्ल्यात वाढलेली माणसं एकामागून एक येतात. त्यांच्यात हा दाव्होस येतो. राजधानीतल्या फ्ली बॉटम नावाच्या गलिच्छ वस्तीत जन्मलेला, पुढं समुद्रावर चोरटा व्यापार करणारा. पुढं राजपदावर हक्क सांगणारा स्टॅनिस बॅरेथिऑन तेव्हा स्टॉर्म्स एंड किल्ल्यात वेढ्यात अडकलेला, आतली माणसं उंदीर खाण्यापर्यंत आलेली. अशा वेळी हा अंधाऱ्या रात्री शत्रूच्या जहाजांमधून होडी काढतो आणि कांदे नि खारवलेली मासळी आत पोचवतो. त्यावर किल्ला तगतो.

आणि मग न्याय होतो. स्टॅनिस त्याला सरदारकी देतो आणि आधीच्या चोरट्या धंद्याची शिक्षा म्हणून चार बोटांची पेरं तोडतो. दाव्होसची अट एकच, की वार स्टॅनिसनं स्वतः करावा. ती हाडं तो पिशवीत घालून गळ्यात बाळगतो आणि शिडावर कांद्याचं चित्र मिरवतो. बाकीचे सरदार कांदेवाला म्हणून हिणवतात, त्याला त्याची लाज नाही. उपकार आणि शिक्षा एकाच हातून मिळाल्यावर त्या हाताशी आयुष्यभर इमान राखणारा हा माणूस मला पहिल्या प्रकरणातच आपला वाटला. आमच्या किनाऱ्यावर खारवलेल्या मासळीचं मोल कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पावसाचे चार महिने घर त्यावर चालतं.

मालिकेत ही भूमिका आयर्लंडच्या लिअम कनिंगहॅम यांनी केली. नट होण्याआधी ते इलेक्ट्रिशियन होते, आणि कुठंतरी ते दिसतं. दोर, वल्हं, शिसपेन्सिल, काहीही हातात घेतलं तरी ते हात काम केलेल्या माणसाचे वाटतात. पुस्तकातला दाव्होस जास्त घाबरतो, जास्त प्रार्थना करतो, ब्लॅकवॉटरच्या लढाईनंतर एका खडकावर तहानेनं अर्धमेला पडून देवीशी बोलतो. सात मुलांपैकी चार मुलं त्याच लढाईत गेलेली असतात. मालिकेत मुलगा एकच, मॅथॉस, आणि तोच जातो. दुःखाचं मोजमाप असं कमी केलेलं मला खटकलं. पण कनिंगहॅम यांच्या डोळ्यांत ते चारही आहेत.

आता मुख्य गोष्ट. दाव्होसला वाचता येत नाही. राजाचा सल्लागार होतो तरी अक्षरओळख नाही. पुस्तकात त्याला पायलॉस नावाचा पंडित मुलांबरोबर बसवून शिकवतो. मालिकेत त्याची गुरू आहे शिरीन, स्टॅनिसची लहान मुलगी, जिचा अर्धा चेहरा आजारानं दगडासारखा झालेला आहे. दाव्होस तळघरात कैदेत आहे, आणि ही पोर पुस्तक घेऊन गजांपाशी येऊन बसते. हा बदल पुस्तकापेक्षा सरस आहे असं मी स्वच्छ म्हणते. मी स्वतः संध्याकाळी 'उल्लास'च्या साक्षरता वर्गात मोठ्या माणसांना शिकवते. मोठं माणूस कुणाकडून शिकायला लाजत नाही, तर लहान मुलाकडून. नातवापुढं आजी चुकते आणि हसते. माझ्यापुढं चुकली की पदर तोंडाला लावते. ज्यानं कुणी हा प्रसंग लिहिला त्याला हे ठाऊक होतं. तो भाग ब्रायन कॉगमन यांच्या नावावर आहे, तिसऱ्या हंगामातला पाचवा. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

पुढं दाव्होस एक पत्र वाचायला बसतो आणि 'नाइट' या शब्दात 'जी' कशाला, असं विचारतो. मी तो प्रसंग थांबवून लेकीला हाक मारली. माझ्या वर्गात हाच प्रश्न 'र'वरून येतो. 'राम'मधला र वेगळा, 'चक्र'मधला वेगळा, 'सूर्य'मधला डोक्यावर, 'तऱ्हा'मधला आणखीच तिरका. एकाच आवाजाला इतकी रूपं कशाला, बाई? कारण सांगता येतं, पण त्या वेळी त्यांना कारण नको असतं, कुणीतरी 'होय, अवघड आहे' म्हणायला हवं असतं. शिरीन नेमकं तसंच वागते.

तिसऱ्या पुस्तकात या शिकण्याचं फळ फार मोठ्या जागी येतं. एका निरपराध मुलाला बळी द्यायचं ठरलंय, दाव्होस त्याला रातोरात पळवून लावतो. स्टॅनिस तलवार उपसतो. दाव्होस खिशातून उत्तरेकडून आलेला कागद काढतो आणि वाचू लागतो. प्रकरण तिथंच संपतं. ज्याला वर्षापूर्वी अक्षर लागत नव्हतं, तो राजापुढं वाचतो आणि त्या वाचण्यानं एका सैन्याची दिशा बदलते. मालिकेत मुलगा दुसरा आहे, बाकी घाट तोच. दोन्हीकडे माझे डोळे भरून आले.

मालिकेनं स्वतःची एक फार सुंदर भर घातली आहे. दुसऱ्या हंगामात दाव्होस म्हणतो की बोटं तोडल्यामुळं साफ करायला नखं कमी झाली. त्यात तो 'लेस' म्हणतो आणि स्टॅनिस अगदी गंभीरपणे 'फ्यूअर' अशी दुरुस्ती करतो. मराठीत दोन्हीला कमीच. इंग्रजीत मोजता येणाऱ्या वस्तूंना 'फ्यूअर' म्हणतात. सातव्या हंगामात दाव्होसचा नवा धनी जॉन स्नो माणसांच्या संख्येबद्दल 'लेस' म्हणतो, आणि दाव्होसच्या तोंडून आपसूक निघतं, 'फ्यूअर'. स्टॅनिस तोवर मेलेला आहे. एका शब्दात गुरूची आठवण, शिकण्याचा अभिमान आणि मागची पाच वर्षं. एवढ्या ड्रॅगनांच्या आगीत हा एक शब्द मला जास्त लक्षात राहिला.

शिरीनचं पुढं जे झालं, पाचव्या हंगामातला नववा भाग, त्यावर मी जास्त लिहिणार नाही. बाप स्वतःच्या लेकीला चितेवर देतो. पुस्तकात ती अजून जिवंत आहे. तो भाग पुन्हा पाहायची माझी तयारी नाही. पण त्यानंतर दाव्होसला विंटरफेल किल्ल्यापुढच्या बर्फात, त्यानं तिच्यासाठी कोरलेलं लाकडी हरीण जळालेलं सापडतं. ते हातात धरून तो एक शब्दही बोलत नाही. लहान लेकरांना ही मालिका दाखवू नका. मोठ्यांनीही कुठल्या दिवशी काय पाहायचं ते बघून ठरवावं.

दुसऱ्या आवडत्या दोघांबद्दल लिहायलाच हवं. ब्रिएन ही लढवय्यी बाई, आणि जेमी हा राणीचा भाऊ. ज्या भागात शिरीन शिकवायला येते, त्याच भागात हॅरेनहॉलच्या गरम पाण्याच्या हौदात, हात तुटलेला जेमी ब्रिएनला सांगतो की त्यानं वेड्या राजाला का मारलं. राजा सगळं शहर जाळायला निघाला होता, आणि ते वाचवणाऱ्याला जगानं विश्वासघातकी ठरवलं. निकोलाय कोस्टर-वाल्डाउ यांचं काम इथं अप्रतिम आहे. ग्वेंडोलिन क्रिस्टी यांचं मोठेपण याहून अवघड, कारण त्यांना फक्त ऐकायचं आहे. आठव्या हंगामातल्या दुसऱ्या भागात जेमी ब्रिएनला सरदारकी देतो, तोही भाग कॉगमन यांचाच. त्याच भागात दाव्होस सैनिकांना सूप वाढतोय आणि गालावर व्रण असलेली एक पोर समोर येते. पूर्ण आठव्या हंगामात हाच एक भाग मी तीनदा पाहिला. माणसं एका रात्रीपुरती शेकोटीभोवती बसतात आणि जिवाचं बोलतात, यापेक्षा जास्त त्यात काही नाही.

त्यानंतर जेमीला जे करायला लावलं ते मला मान्य नाही. पुस्तकातला जेमी बहिणीचं मदतीसाठी आलेलं पत्र आगीत टाकायला सांगतो. तिथून तो माणूस पुढं चालत राहतो. मालिकेतला पुढं गेलेला जेमी मागं वळून तिच्यापाशी मरायला जातो. आठवा हंगाम जेमतेम सहा भागांचा, त्यात माणसाला असं वळायला जागाच दिलेली नाही. ब्रिएननं जिच्याशी इमान राखायची शपथ घेतली त्या केटलिनवरही अन्याय झाला आहे. पुस्तकात ती मेल्यावर वेगळ्या, भयंकर रूपात परत येते. मालिकेनं ते गाळलं आणि ब्रिएनच्या वाटेतला सगळ्यात मोठा पेच गेला. जेमीचा बुटका भाऊ टिरियन, त्याच्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय. ती भूमिका करणाऱ्या पीटर डिंकलेज यांना चार एमी पुरस्कार मिळाले ते योग्यच. पण पुस्तकातला टिरियन जास्त कडवट आणि जास्त खरा आहे.

माझी सर्वांत मोठी तक्रार मात्र व्हाइट हार्बरची. पाचव्या पुस्तकात दाव्होस त्या बंदरात एकटा उतरतो. तिथला लठ्ठ सरदार मँडरली जगाला दाखवायला त्याचा शिरच्छेद झाल्याचं नाटक करतो, आणि खरा दाव्होस आत कोठडीत असतो. मग त्याला एक मुका पोरगा भेटवतात. त्यानं उत्तरेच्या स्टार्क घराण्यातल्या, लपलेल्या धाकट्या मुलाचा माग काढलेला आहे, आणि ही माहिती बाहेर यावी म्हणून त्याला अक्षरं शिकवणं चाललंय. मँडरलीला सरदार नको आहे, चोरट्या वाटा जाणणारा खलाशी हवा आहे. म्हणजे जुन्या धंद्याची पुन्हा गरज पडली. हे सगळं मालिकेत नाही. तिथं दाव्होस आधी स्टॅनिसच्या, मग जॉनच्या शेजारी उभा राहतो. चांगला बोलतो, पण त्याच्या वाट्याला स्वतःचं काम उरत नाही.

तेव्हा माझं मत असं : मालिकेचे पहिले चार हंगाम सलग पाहा, पुढचे निवडून. पुस्तकांत दुसरं आणि तिसरं सर्वोत्तम. चौथं संथ वाटेल, पण ब्रिएनसाठी टिकून राहा.

गेल्या महिन्यात वर्गात वीज गेली, तेव्हा मी बायकांना कांदेवाल्याची गोष्ट सांगितली. सगळ्या हर्णैच्या लिलावातून मासळी उचलून गावोगाव विकणाऱ्या. वेढ्यातून होडी काढली तिथं त्या खूश झाल्या. बोटं तोडली तिथं एकीनं स्टॅनिसला शिवी दिली. सगळ्यांत थोरल्या आजी, अडुसष्ट वर्षांच्या, गप्प होत्या. गोष्ट संपल्यावर म्हणाल्या, "बाई, चार पोरगे गेले ना वो त्याचे? मग त्यांच्या आयशीला कोनी सांगितलान?"

त्याच्या बायकोचं नाव मार्या. तेराही प्रकरणांत ती एकदाही समोर येत नाही, फक्त त्याच्या आठवणीत असते. पण व्हाइट हार्बरच्या कोठडीत दाव्होस तिला पत्र लिहितो, स्वतःच्या हातानं. दुसऱ्या दिवशी मी तो खंड वर्गात नेला आणि ते पान मराठीत करत करत वाचून दाखवलं.

आजींनी पाटी पुढं ओढली. त्यांना तिचं नाव लिहायचं होतं. 'मा' त्यांनी काढला, 'र्या'वर अडल्या. मी म्हटलं, "दर्यातला र्या, आजी. मागच्या आठवड्यात घेतला होता." त्यांनी आधी 'या' काढला, आणि मग त्याच्या डोक्यावर सावकाश रफार दिला.