आठ महिने वापरलेला मॉड्युलर एसएमपीएस: पहिल्या रात्री डिस्प्ले का आला नाही?

हा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बसवून आठ महिने झाले. ६५० वॅट, फुल्ली मॉड्युलर (सगळ्या केबल एसएमपीएसच्या बाजूनेही सुटतात), ८० प्लस गोल्ड (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा). रोज सात-आठ तास चालतो. माझं ऑफिसचं काम आणि मुलीचं व्हिडिओ एडिटिंग त्याच पीसीवर. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर दोन स्टार देऊन मोकळी झाले असते, आणि तो अन्याय झाला असता.

पीसी घरीच असेंबल केला. बटण दाबलं, पंखे फिरले, लाइट लागले, पण मॉनिटर काळाच. मदरबोर्डच्या कडेला, अडचण कुठे आहे ते दाखवणारे चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. त्यातला सीपीयूचा दिवा लागला तो विझेचना. प्रोसेसरचा सप्लाय वेगळ्या ८ पिनच्या केबलने येतो. ती नसली तरी बोर्डाच्या मुख्य २४ पिन केबलवर पंखे मजेत फिरतात, त्यामुळे सगळं चालू आहे असंच वाटतं. ती केबल बोर्डाच्या कोपऱ्यात नीट बसलेली होती, खटकाही लागलेला. मग रॅम काढून घातली, २४ पिन पुन्हा दाबली, प्रोसेसर उचलून पाहिला. दोन संध्याकाळी गेल्या. एसएमपीएस परत करायचं जवळजवळ ठरलं होतं.

तिसऱ्या दिवशी मल्टिमीटर घेतला. केबल फक्त बोर्ड, कार्ड आणि ड्राइव्हच्या बाजूने सोडवल्या. एसएमपीएसकडची टोकं मुद्दाम तशीच ठेवली. बोर्डाशिवाय एसएमपीएस चालू व्हावा म्हणून मेन स्विच बंद ठेवून २४ पिनमधली १६ नंबरची पिन शेजारच्या ग्राउंडला वायरच्या तुकड्याने जोडली आणि मग स्विच चालू केला. जुन्या एसएमपीएसमध्ये ही वायर हिरवी असायची. इथे सगळ्या वायरी काळ्या, म्हणून मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवून पिना दोनदा मोजल्या. इथे घाई अजिबात नको. २४ पिनवर १२, ५ आणि ३.३ व्होल्ट यायला हवेत; रीडिंग आलं १२.०८, ५.०३ आणि ३.३३. पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे १२ व्होल्टला ११.४ ते १२.६. एसएमपीएस ठणठणीत होता. मग तेच प्रोब प्रोसेसरच्या ८ पिन केबलच्या टोकाला लावले. शून्य.

मुलीने टॉर्च धरला आणि मी कॅबिनेटच्या मागून खाली वाकून पाहिलं. त्या केबलचा एसएमपीएसकडचा प्लग दोनेक मिलिमीटर बाहेर होता. खटका कडेवर टेकलेला, पण आत अडकलेला नाही. केबल प्लगपासूनच काटकोनात वळवून झाकणाखाली दाबली होती, त्या ताणाने तो एका बाजूने उचलला गेला होता. स्विच बंद केला, केबल सैल केली, प्लग सरळ आत ढकलला. ‘टक्’ असा स्पष्ट आवाज आला. सगळं परत जोडलं आणि डिस्प्ले आला. मॉड्युलर केबलला दोन टोकं असतात आणि आपण तपासतो ते डोळ्यांसमोरचं एकच, हे माझ्या अंगवळणी पडलं ते त्या दिवसापासून.

कंपनीबद्दल तक्रार आहेच. सॉकेट इतके जवळजवळ आहेत की शेजारच्या केबल लावल्यावर बोट आत शिरत नाही. ‘सीपीयू’ आणि ‘पीसीआय-ई’ ही अक्षरं काळ्यावर करड्या रंगात छापलीत. कॅबिनेटमध्ये बसवल्यावर ती वाचताच येत नाहीत.

तिसऱ्या महिन्यात आणखी एक हार्ड डिस्क लावायची होती आणि साटा केबल (डिस्कला वीज देणारी) कमी पडली. जुन्या एसएमपीएसची एक केबल घरात होती, प्लग अगदी फिट बसला. डिस्क जोडण्याआधी सवयीने मल्टिमीटर लावला, त्या केबलच्या शेवटच्या मोलेक्सवर (जुन्या पद्धतीचा मोठा ४ पिनचा प्लग), कारण तिथे प्रोब सहज जातो. लाल वायरवर ५ व्होल्ट यायला हवेत. आले १२. डिस्क लावली असती तर बहुधा त्याच क्षणी गेली असती, आणि तिच्यात मुलीचं वर्षभराचं काम होतं. प्लगचा आकार सारखा असला तरी एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनी आपापला ठेवते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही तो बदलतो. कृपया जुनी केबल नव्या एसएमपीएसला लावू नका, कितीही छान बसत असली तरी. मी त्याच मॉडेलची केबल मागवली.

बाकी सांगण्यासारखं थोडंच. ग्राफिक्स कार्डाला ८ पिनचे दोन सॉकेट आहेत, त्यांना पहिल्यापासून दोन वेगळ्या केबल दिल्या. एका सॉकेटमधून १५० वॅट घ्यायची मुभा असते, मग दोन्हींचा भार एका केबलवर कशाला? मुलीचं व्हिडिओ रेंडर (तयार व्हिडिओ बनवणं) तीन-तीन तास चालतं, आजवर एकदाही पीसी आपोआप रीस्टार्ट झालेला नाही. कमी लोडवर पंखा थांबतो, रात्री खोलीत आवाज नसतो.

चार स्टार. पाचवा त्या करड्या अक्षरांनी घालवला.