मालवणच्या पाण्यातले व्हिडिओ लाइट: एक सीझन वापरल्यावर

मी कुडाळचा. लग्नाचे व्हिडिओ काढायचा धंदा, त्यामुळे लाइटचं मला कोणी शिकवू नये असा माझा समज होता. मालवणात स्कूबा करवणाऱ्या एका ओळखीच्याने पर्यटकांचे व्हिडिओ काढायला बोलावलं. मग रीतसर डायव्हिंग शिकलो आणि पहिल्याच महिन्यात ऑनलाइन एक लाइट मागवला. खोक्यावर १०,००० ल्युमेन (उजेडाचं माप), किंमत ४,२०० रुपये. हॉलमध्ये लावतो तसा कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला, सात मीटर खोलीवर बटण दाबलं. संध्याकाळी फुटेज बघतो तर नुसत्या अक्षता! पाण्यात तरंगणारा कण न् कण पेटलेला, आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी पाहुणा.

हिशोब आधीच करायला हवा होता. आत बोटाएवढा, पुन्हा चार्ज होणारा एकच १८६५० सेल, म्हणजे जेमतेम १२ वॅट-तास. एलईडी वॅटमागे साधारण १०० ल्युमेन देतो असं धरलं तर दहा हजाराला १०० वॅट लागणार. एवढ्याशा सेलमधून ते निघणार कुठून? आणि निघाले तरी सात मिनिटांत खेळ खलास. त्या लाइटचा शेवटही तसाच झाला. बोटीवर सेल बदलताना ओ-रिंगवर, म्हणजे झाकणातून पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कडीवर, दोरीच्या काथ्याचा एक धागा राहिला, आत पाणी शिरलं. ती चूक माझीच, कंपनीला बोल लावत नाही. ल्युमेनबद्दल मात्र लावतो.

आताचे दोन लाइट प्रत्येकी ३,००० ल्युमेनचे, जरा मोठ्या २१७०० सेलवर चालणारे. कॅमेऱ्याखालचा ट्रे, लाइट धरणारे दोन आर्म (दांडे) आणि क्लॅम्प धरून ३४ हजार गेले. बायकोला आकडा अजून सांगितलेला नाही. यातले खरे पैसे वसूल केले ते आर्मनी. लाइट कॅमेऱ्यापासून दोन्हीकडे हातभर लांब नेले आणि तोंडं किंचित बाहेर वळवली, की लेन्सच्या पुढ्यातल्या पाण्यावर उजेड पडत नाही, झोताची फक्त कड मासळीवर पडते. अक्षता जवळजवळ गायब. आपलं पाणी अंदमानसारखं नितळ नाही. पाच मीटर पुढचं दिसलं तरी आम्ही खूश. तिथे जास्त ल्युमेन म्हणजे जास्त अक्षता, एवढंच.

जाहिरातीत १२० अंशांचा झोत लिहिलाय, तो हवेतला. पुढची काच सपाट असल्याने पाण्यात तो ८० अंशांच्या आसपास येतो. चालतं, कारण मधे भगभगीत ठिपका पडत नाही, उजेड सगळीकडे सारखा. पण दोन मीटरच्या पुढे या लाइटकडून काही अपेक्षा धरू नका. पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं, आणि उजेडाला मासळीपर्यंत जाऊन परत लेन्सपर्यंत यायचं असतं. मीटरभरात उत्तम, दीड मीटरला ठीक, मग सगळं हिरवं. बाजारात लालभडक दिसणारी तांबोशी खाली मातकट करडी दिसते. लाइट जवळ नेला की तिथल्या तिथे लाल होते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडातला श्वासाचा रेग्युलेटर सांभाळून हसलो.

खोक्यावर पूर्ण उजेडात ५० मिनिटं म्हटलंय, मला मिळतात ३५. अर्ध्यावर ठेवला तर तासाच्या वर जातो, आणि बहुतेक वेळा अर्धाच पुरतो. बटणाचा मात्र वैताग आहे. एकाच बटणात चालू, बंद, कमी-जास्त आणि लाल दिवा सगळं कोंबलंय. हातमोजे घालून एकदा जास्त दाबलं की पाहुणा लालेलाल. शिवाय पाण्याबाहेर चालू राहिला तर मिनिटभरात चटका बसेल इतका तापतो आणि आपोआप मंद होतो. बोटीवर तपासताना सेकंदभरच लावा.

सेल मी रात्री घरीच भरतो, ओ-रिंग पुसून, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवून झाकण लावतो. परत आल्यावर अर्धा तास गोड्या पाण्याच्या बादलीत, मगच उघडायचं. विमानाने अंदमानला नेणार असाल तर सुटे सेल हातातल्या बॅगेत, डब्यात घालून. चेक-इनच्या सामानात चालत नाहीत.

वर्षातून एकदा तारकर्लीला येऊन बुडी मारणाऱ्याने हे घेऊ नये. पाच-सहा मीटरवर, दुपारच्या उन्हात, ग्रुपच्या शॉटला मीही लाइट बंद ठेवतो आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याला पांढरा कोणता हे सांगणं, हाताने लावतो. लेन्सवर लाल फिल्टर असेल तर लाइट लावताना तो काढायचा, नाहीतर माणसं कुंकवात बुडवल्यासारखी दिसतात. माझे लाइट खरे कामाला येतात ते खडकाच्या कपारीत आणि समुद्रपंख्याजवळ (पंख्यासारखं पसरणारं पोवळं). तो नारिंगी पंखा मी आमच्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, मोबाइलवर दाखवला. त्याच खडकांवर त्याची हयात गेलेली. त्याने दोनदा मागे घेऊन बघितलं आणि म्हणाला, "रंग मागीर भरलंस मा रे?"