सीसीआरएनसाठी क्वेश्चन बँक घ्यावी का? काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

अमेरिकेत आयसीयूत काम करणाऱ्या आपल्याकडच्या सिस्टर-ब्रदर मंडळींकडून हा प्रश्न सारखा येतो, म्हणून सविस्तर लिहिते. सीसीआरएन म्हणजे गंभीर पेशंट सांभाळणाऱ्या नर्सचं अमेरिकेतलं प्रमाणपत्र, ते परीक्षा देऊन मिळतं. मी एक सशुल्क क्वेश्चन बँक (सरावाचे प्रश्न आणि उत्तरांची स्पष्टीकरणं) घेतली, नाईट ड्युटी सांभाळून काही महिने वापरली आणि परीक्षा पास झाले. घ्यावी, असंच मी सांगेन. पण तिचा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही हे आधी माहीत असावं. बाजारातल्या बऱ्याचशा बँका एकाच साच्यातल्या आहेत, त्यामुळे नावापेक्षा ती वापरायची कशी यावरच बोलू.

पैसे भरण्याआधी पात्रता पाहून घ्या. अमेरिकेतलं आरएन (नोंदणीकृत नर्सचं) लायसन्स हवंच. शिवाय मागच्या दोन वर्षांत गंभीर पेशंटची प्रत्यक्ष सेवा केल्याचे १,७५० तास हवेत आणि त्यातले ८७५ अलीकडच्या वर्षातले, किंवा मग मागच्या पाच वर्षांत २,००० तास आणि त्यातले १४४ अलीकडच्या वर्षातले. आठवड्याला ३६ तासांची पूर्णवेळ नोकरी असेल तर १,७५० तास वर्षभरात साधारण जमतात. नुकतेच भारतातून आलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिकडचं हॉस्पिटल जेसीआय (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त किंवा मॅग्नेट (उत्तम नर्सिंगसाठी मिळणारा अमेरिकी मान) दर्जाचं असेल, तर तिथले तासही धरले जाऊ शकतात. मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलांतून आलेल्यांनी हे तपासल्याशिवाय उगाच वर्षभर थांबू नये.

मी दिली तेव्हा १५० प्रश्न आणि तीन तास होते. त्यातल्या १२५ प्रश्नांनाच गुण असतात. उरलेले २५ चाचणीसाठी घातलेले असतात, पण ते कोणते हे कळत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नये. नर्सिंग लायसन्सच्या एनसीएलईएक्स परीक्षेत प्रश्न तुमच्या उत्तरांप्रमाणे बदलत जातात, तसं इथे होत नाही. मागे जाऊन उत्तर तपासता येतं.

बँकेची खरी किंमत वसूल होते ती स्पष्टीकरणांत. बरोबर उत्तर का बरोबर, एवढंच नाही, तर बाकीचे तीन पर्याय का नाहीत हेही चांगल्या बँकेत लिहिलेलं असतं. मी तो भाग सावकाश वाचायचे. एक उदाहरण देते. इन्फिरियर एमआयचा (हृदयाच्या खालच्या भागातल्या हार्ट अटॅकचा) पेशंट, बीपी पडलेलं, मानेच्या शिरा फुगलेल्या, फुप्फुसं मात्र स्वच्छ. छातीत दुखतंय म्हणून नायट्रोग्लिसरीन द्यावंसं वाटतं. पण इथे उजवं वेंट्रिकल (हृदयाचा खालचा उजवा कप्पा) मार खाल्लेलं असण्याची दाट शक्यता असते आणि ते प्रीलोडवरच, म्हणजे हृदयात परत येणाऱ्या रक्तावरच, तगून असतं. नायट्रोने प्रीलोड घटला की बीपी आणखी कोसळतं. म्हणून आधी उजव्या बाजूचा ईसीजी काढून त्यातली व्ही-फोर-आर ही लीड पाहायची आणि फ्लुइडचा विचार करायचा. हे एकदा कारणासह डोक्यात बसलं की प्रश्न कुठल्याही रूपात आला तरी अडत नाही, आणि बेडसाइडलाही हात आपोआप थांबतो.

व्हेंटिलेटरचंही तसंच. एआरडीएसमध्ये (फुप्फुसं अचानक निकामी होण्याच्या आजारात) टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात जाणारी हवा, किलोमागे ६ मिली, हे सगळ्यांना पाठ असतं. किलो कुठले, तिथे गडबड होते. वजनकाट्यावरचे नव्हेत, उंचीवरून काढलेले. पाच फूट उंचीची आणि ९० किलो वजनाची बाई असेल तर हिशेबाचं वजन साधारण साडेपंचेचाळीस किलो येतं, म्हणजे टायडल व्हॉल्यूम २७३ मिलीच्या आसपास. काट्यावरचं वजन धरलं तर ५४०, जवळपास दुप्पट! लठ्ठपणा आला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात १२ मिलीऐवजी ६ मिली ठेवल्यावर मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं होतं. ही संख्या मी मुद्दाम सांगते. आपण रात्री सेटिंग तपासतो तेव्हा नेमकं काय राखत असतो ते तिच्यातून कळतं.

शॉकच्या (अवयवांना रक्त अपुरं पडण्याच्या) प्रश्नांसाठी बँकेतले रंगीत तक्ते मला फारसे उपयोगी पडले नाहीत. मी कोरा कागद घेऊन स्वतः तक्ता काढायचे: कार्डियोजेनिकमध्ये (हृदय कमजोर पडल्यावर) आउटपुट (हृदय बाहेर फेकतं ते रक्त) खाली, वेज प्रेशर (हृदयाच्या डाव्या बाजूला भरणाऱ्या रक्ताचा दाब) वर, एसव्हीआर (रक्तवाहिन्यांचा अडथळा) वर, हायपोव्होलेमिकमध्ये (रक्त किंवा पाणी कमी झाल्यावर) भरणंच कमी, म्हणून वेजही खाली, सेप्टिकच्या (जंतुसंसर्गाच्या) सुरुवातीला एसव्हीआर खाली आणि आउटपुट बहुधा वाढलेलं. प्रत्येक बाणाचं कारण स्वतःला मोठ्याने सांगता आलं पाहिजे. बँकेवर टिकमार्क करून हे येत नाही.

आता तक्रारी. काही स्पष्टीकरणं शिळी होती. कार्डियाक अरेस्टनंतर प्रत्येक पेशंटला ३२ ते ३४ अंशांवरच थंड ठेवायचं, असं एका उत्तरात ठामपणे लिहिलं होतं. २०१३ आणि २०२१ च्या मोठ्या चाचण्यांनंतर हे चित्र बदललंय आणि आता ताप येऊ न देण्यावर बराच भर आहे. कंपनीला कळवलं, पण माझी वर्गणी संपेपर्यंत ते उत्तर तसंच होतं. क्रिटिकल केअर शिकवण्याचे पैसे घेणाऱ्यांनी इतकी बेफिकिरी दाखवणं मला अजिबात पटलं नाही. फोनवर ईसीजीच्या पट्ट्या धूसर दिसायच्या, त्या लॅपटॉपवरच पाहाव्या लागल्या. प्रगतीच्या आलेखावरही विसंबू नका. प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, उत्तरं लक्षात राहतात आणि टक्केवारी फुगत जाते.

सगळ्यात मोठी उणीव मात्र दुसरीच आहे. परीक्षेचा पाचवा हिस्सा, म्हणजे २० टक्के, व्यावसायिक सेवाभाव आणि नीतिमत्तेचा आहे. हा भाग सिनर्जी मॉडेलवर उभा आहे: पेशंटची गरज आणि नर्सची क्षमता यांचा मेळ. हृदयविकाराचे प्रश्न १७ टक्के असतात, म्हणजे हा विभाग त्याहून मोठा! तरी माझ्या बँकेत त्याला अगदी थोडी जागा होती आणि स्पष्टीकरण दोन ओळींचं.

महाराष्ट्रात शिकून आलेल्यांना नेमकी हीच बाजू जड जाते, असं माझं ठाम मत आहे. ज्ञान कमी म्हणून नाही, आपली घडण वेगळी म्हणून. आपल्याकडे सीपीआर सुरू झाला की पहिलं काम नातेवाइकांना बाहेर पाठवायचं. इथे पत्नीला थांबायचं असेल तर तिला थांबू द्यावं आणि तिच्याजवळ एक माणूस नेमावा, हे अपेक्षित उत्तर. ‘सिस्टर, बाबांना कॅन्सरचं सांगू नका’ ही विनंती आपण सगळ्यांनी ऐकली आहे आणि बहुतेक वेळा मानलीही आहे. परीक्षेत आधी पेशंटलाच विचारायचं असतं की त्याला किती जाणून घ्यायचंय. इकडे मुलांकडे आलेले आईवडील आजारी पडले की मुलगाच दुभाषा होतो आणि वाईट बातमी मायेपोटी मधल्या मधे गाळतो. तिथे प्रशिक्षित दुभाषा बोलवायचा. हा नियम मला वाचताना कोरडा वाटला होता. एका मराठी आजींना स्वतःच्या उपचारांबद्दल पहिल्यांदाच नीट प्रश्न विचारताना पाहिलं, तेव्हा तो का आहे ते समजलं.

या भागासाठी बँक बाजूला ठेवा. परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा, म्हणजे एएसीएनचा, आराखडा संकेतस्थळावर मोफत मिळतो. त्यातली नर्सची आठही कौशल्यं वाचा आणि आपल्याच युनिटमधल्या प्रसंगांना लावून पाहा. आमच्या चार्ज नर्सशी (पाळीच्या प्रमुख नर्सशी) मी पहाटेच्या शांत वेळी असे प्रसंग बोलायचे आणि त्या गप्पांचा उपयोग कुठल्याही ॲपपेक्षा जास्त झाला.

वर्गणी लांब मुदतीची घेऊ नका. आधी हृदय, श्वसन, मेंदू आणि किडनी यांचं मूळ वाचन उरका, मग परीक्षेआधीच्या शेवटच्या टप्प्यासाठी छोटी मुदत घ्या. अर्ज मंजूर झाल्यावर ९० दिवसांत परीक्षा द्यावी लागते, तेव्हा मुदत त्याला जुळवता येते. आपोआप नूतनीकरण होणार नाही असं सेटिंग पहिल्याच दिवशी करा. आणि मॅनेजरला आधी विचारा: बरीच हॉस्पिटलं पास झाल्यावर परीक्षेची फी परत देतात, काही ठिकाणी तयारीचा खर्चही देतात, पण पावत्या जपून ठेवाव्या लागतात.