सीजे-३बी जीपमागे कॅम्पर ट्रेलर: कोकण किनाऱ्यावरच्या एका मोसमाचा अनुभव

आमची जीप महिंद्राची सीजे-३बी आहे, पेट्रोल इंजिनाची आणि वयाने ५० वर्षांच्या पुढची. विलीज या अमेरिकी कंपनीच्या मूळ आराखड्यावर बेतलेली ही गाडी अमेरिकेत १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे मात्र ती त्यानंतरही बरीच वर्षे तयार होत राहिल्याने सुटे भाग मिळवायला आजही फारशी वणवण करावी लागत नाही. दिवाळीनंतर या जीपमागे दोन माणसांना झोपता येईल असा छोटा कॅम्पर ट्रेलर जोडला आणि पाऊस लागेपर्यंत गुहागर ते वेंगुर्ला हा किनारा त्याच्यासह हिंडून झाला. अशी जोडी लावण्याचा विचार करणारे लोक पहिला प्रश्न विचारतात तो ताकदीचा: जुनी जीप एवढे ओझे ओढेल का? एका मोसमानंतर माझे मत असे आहे की ओढण्याची चिंता सर्वांत शेवटी करावी. जीप काय ओढू शकते यावरून नव्हे, तर ती काय थांबवू शकते यावरून ट्रेलरचे वजन ठरवावे.

ट्रेलर कोल्हापूरच्या एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतला. आकार पाण्याच्या थेंबासारखा, पुढे गादी, मागे वर उचलायचे झाकण आणि त्याखाली ओटा. सामानसुमान आणि पाणी भरल्यावर त्याचे वजन सुमारे ३८० किलो भरते. जीप स्वतः टनाच्या आतबाहेर असल्याने यापेक्षा जड ट्रेलर तिच्यामागे लावण्याची माझी तयारी नव्हती. दोन गोष्टी मी आग्रहाने करून घेतल्या आणि दोन्हींचा फायदा झाला. ट्रेलरला जीपचेच ६.०० x १६ मापाचे टायर आणि पाच नटांची तीच चाके घेतली, त्यामुळे एकच स्टेपनी दोघांना चालते. दुसरे म्हणजे ट्रेलरच्या दोन चाकांमधले अंतर जीपच्या चाकांइतकेच ठेवले. कोकणातल्या वाड्यांमधले रस्ते दोन्ही बाजूंच्या जांभ्याच्या गडग्यांमध्ये इतके आवळलेले असतात की जीप निघाली तिथून ट्रेलरही निघणार, हा भरवसा चालवणाऱ्याला लागतोच.

वजनाच्या वाटणीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण या आकाराच्या ट्रेलरमध्ये नेमकी तिथेच गोम आहे. हुकावर पडणारे वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण ७ ते १० टक्के असावे लागते. ते कमी झाले की वेग वाढताच ट्रेलरची शेपटी डुलू लागते आणि जीपसारख्या आखूड, हलक्या गाडीला ती आपल्याबरोबर डुलवते. स्वयंपाकाचा ओटा मागे असल्याने गॅसची टाकी, भांडी, पाण्याचे कॅन हे सगळे स्वाभाविकपणे मागेच जाते. म्हणून पाण्याची टाकी धुऱ्याच्या पुढे बसवून घेतली, पाच किलोचा सिलिंडर थेट पुढच्या दांड्यावर ठेवला आणि निघण्यापूर्वी घरातल्या वजनकाट्यावर हुकाचे टोक टेकवून पाहण्याची सवय लावून घेतली. काटा ३० ते ३५ किलो दाखवत असेल तर ताशी ५० किलोमीटरपर्यंत ट्रेलर मागे आहे हे विसरायला होते. त्यापुढे मी जात नाही, आणि किनाऱ्यालगतच्या सागरी महामार्गावर जाण्याजोगी परिस्थितीही क्वचितच असते.

आता चढाविषयी. या इंजिनाला वेगाची हौस नाही, पण मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास ते मनापासून ओढते. अडचण गिअरची आहे. गिअरबॉक्स तीनच गिअरचा, आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी यंत्रणा, नाही. दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर (आकडा मोठा तितकी ओढ जास्त, वेग कमी) १.५५ आणि पहिल्याचे २.८०, या दोहोंत एवढी मोठी दरी आहे की ट्रेलर असताना आंबा घाटातल्या चढावर दुसरा गिअर दम टाकतो आणि चालत्या गाडीत पहिला टाकायचा म्हणजे डबल क्लचची, म्हणजे क्लच दोनदा दाबून मध्ये इंजिनाचा वेग जुळवण्याची, कसरत करावी लागते. मागे ट्रक हॉर्न वाजवत असताना ती साधेलच असे नाही. यावर उपाय गाडीतच आहे. गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या धुऱ्यांना वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचा लो गिअर २.४६ चा असल्याने लो मधला तिसरा गिअर नेहमीच्या पहिल्याच्या जवळ येतो आणि लो मधला दुसरा ३.८ च्या पुढे जातो. या दोन्ही गिअरना सिंक्रोमेश आहे, त्यामुळे चढावर थांबल्याशिवाय गिअर खालीवर करता येतो. मात्र लो टाकण्यासाठी पुढच्या धुऱ्याची जोडणीही करावी लागते, आणि कोरड्या डांबरावर, विशेषतः घाटाच्या वळणांवर, चारही चाके जोडून गाडी चालवली तर पुढचा आणि मागचा धुरा एकमेकांशी झगडू लागतात. स्टिअरिंग जड होते आणि पिळाचा ताण सांध्यांवर येतो. पुढच्या चाकांना फ्री व्हील हब, म्हणजे चाक धुऱ्यापासून सोडवता येणारे हब, असतील तर ते मोकळे ठेवावेत, म्हणजे लो मिळतो आणि ताण टळतो. ज्यांच्या जीपला असे हब नाहीत त्यांनी ट्रेलरआधी ते बसवून घ्यावेत. पैसे मोजताना हात आखडावा असा हा खर्च नव्हे.

उताराला खरी परीक्षा असते. जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. पाय जितका जोर लावेल तितकाच ब्रेक. त्यात ३८० किलो मागून ढकलू लागले तर काय होते याचा अंदाज कोणालाही यावा. म्हणून ट्रेलरला स्वतःचा ओव्हररन ब्रेक घेतला आहे. जीप मंदावली की ट्रेलर पुढे सरकतो, जोडणीचा दांडा आत दबतो, त्याला बांधलेली केबल ओढली जाते आणि ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लागतो. रचना साधी आहे आणि सपाटीवर ती उत्तम चालते. लांब उतारावर मात्र ट्रेलर सतत पुढे रेटत असल्याने त्याचे ब्रेकही सतत घासत राहतात. आंबा घाट उतरून साखरप्याला पोहोचल्यावर ट्रेलरच्या ड्रमजवळ हात नेला तर झळ लागते. लो मधल्या तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ब्रेकवर, संथ उतरले तर हे तापणे बरेच कमी होते. नव्या ट्रेलरमध्ये केबलची लांबी दोन्ही चाकांना सारखी नव्हती आणि डावे चाक आधी धरत असे. बनवणाऱ्याने ते विनातक्रार दुरुस्त करून दिले, पण ताब्यात घेतानाच ही तपासणी करून घेणे बरे.

किनाऱ्याने प्रवास म्हटला की खाड्या आल्या आणि खाड्या आल्या की फेरीबोट आली. दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या दोन्ही ठिकाणी ट्रेलरसह अनेकदा पार झालो. वळसा वाचतो हे खरे, पण जेटीवर ट्रेलरची आणि चालवणाऱ्याची कसोटी लागते. भरतीला बोटीचा रॅम्प जवळजवळ आडवा टेकतो. ओहोटीला जेटीचा शेवाळलेला उतार लांबतो आणि रॅम्पशी त्याचा कोन होतो. जीप रॅम्पवर चढते तेव्हा तिचे नाक वर जाते, हूक खाली दबतो आणि ट्रेलरच्या पुढच्या टेकूचे चाक जमिनीला खरवडते. ते चाक पूर्ण वर घेऊन आडवे बांधता येईल असे हवे. पुढे ट्रेलर चढू लागला की मागच्या झाकणाची कड रॅम्पच्या सुरुवातीला टेकू पाहते. आमच्याकडे तिथे चार बोटांचे अंतर उरते. बोटीवरचा माणूस वाकून तिथे नजर ठेवतो, हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतो, आणि त्याचा हात थांबला की आपणही थांबायचे. पुढे ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच निघू लागलो.

जेटीवरच्या खाऱ्या पाण्याचा आणखी एक परिणाम वरून दिसत नाही. लांबच्या धावेनंतर चाकाचे हब तापलेले असतात. ते एकदम पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. बेअरिंगमध्ये मीठ गेले की थोड्याच दिवसांत घरघर सुरू होते. त्यामुळे लाट जेटीच्या टोकावर येत असेल तर रांगेत उभे असतानाच हब निवू द्यावेत, आणि मोसमात निदान एकदा बेअरिंग उघडून ग्रीस बदलावे. पुळणीवर ट्रेलर उतरवण्याचा मोह मात्र मुळीच धरू नये. जीप एकटी निघेल, पण ट्रेलरची चाके वाळूत नांगरासारखी रुततात आणि भरती कोणासाठी थांबत नाही.

रिव्हर्स हा या जोडीचा सर्वांत कच्चा भाग. जीपच्या दोन धुऱ्यांमधले अंतर जेमतेम ८० इंच आहे. स्टिअरिंग जरासे वळवले की ट्रेलर लगेच काटकोनात येऊन उभा राहतो. शिवाय रिव्हर्समध्ये ओव्हररन ब्रेक लागू नये म्हणून खाली उतरून खिटी लावावी लागते. आता अरुंद जागी आम्ही रिव्हर्सच्या भानगडीत पडत नाही. ट्रेलर सोडतो आणि दोघे मिळून हाताने फिरवतो. हलका ट्रेलर घेण्याचे हे दुसरे कारण.

मुक्कामासाठी सुरूच्या बनापेक्षा कोणाचे तरी अंगण बरे, असा निष्कर्ष लवकरच निघाला: पाणी, शौचालय आणि सावली एकाच ठिकाणी मिळते. आंब्याखाली जागा घ्यावी, माडाखाली कधीही नाही, कारण नारळ आणि झावळ्या विचारून पडत नाहीत. देवगडजवळच्या एका घरी काकींनी ट्रेलर सगळीकडून निरखून विचारले, "घरात खोली रिकामी आसा, तरी गाडयेत कित्याक झोपतास?" याचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही, पण जेवण त्यांच्याकडेच झाले. तसे पाहिले तर प्रश्न रास्त होता. डिसेंबर-जानेवारीत आत झोप छान लागते. मार्चनंतर छताचा पंखा रात्रभर चालू ठेवूनही अंग चिकचिकते आणि एप्रिलमध्ये काकींची खोलीच बरी वाटते.

त्या पंख्यामुळे विजेचा विषय निघाला. जुन्या डायनॅमोला कमी वेगात चार्जिंग पुरवता येत नाही, आणि घाटात व वाड्यांमधून आपण कमी वेगातच असतो. अल्टरनेटर बसवल्यावर ट्रेलरची बॅटरी संध्याकाळपर्यंत भरू लागली. पेट्रोलचीही काळजी घ्यावी लागते. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते जुने रबरी पाइप मऊ करते आणि हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे किनाऱ्यावर गाडी टाकी अर्धी ठेवून महिनाभर उभी करणे टाळावे. सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घेतले आहेत. ट्रेलरशिवाय लिटरला ८-९ किलोमीटर मिळत, ट्रेलरसह ६ ते ७ मिळतात.

कागदपत्रांबाबत दोन मुद्दे. ५० वर्षांवरील गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, नेहमीच्या वापरासाठी नाही. ट्रेलर घेऊन हिंडायचे असेल तर नेहमीची नोंदणीच ठेवावी, तिचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे आणि पर्यावरण कर भरावा. ट्रेलरची नोंदणी वेगळी असते, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे. नाक्यावर पोलिसांनी पहिल्यांदा तीच पाटी पाहिली.

चार माणसांच्या कुटुंबाला ही जोडी मी सुचवणार नाही. दोघांना, घाई नसेल आणि जीप स्वतः उघडता-जोडता येत असेल तर जरूर घ्यावी. सध्या ट्रेलर गोठ्याच्या पडवीत विटांवर चढवून ठेवला आहे, गादी बाहेर काढली आहे आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यातले स्टीलचे स्क्रू जिथे जिथे पांढरे पडले तिथे तिथे नायलॉनचे वॉशर घालून ते पुन्हा बसवण्याचे काम चालू आहे. पुढच्या मोसमाआधी जीपच्या ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर बसवणार आहे; मूळ रूप बिघडते म्हणून जाणकार मित्र नाराज आहेत, पण घाट त्यांना उतरायचा नाही.